लहान मुलांना पासवर्ड तयार करायला आणि जपायला कसे शिकवावे

विदर्भातल्या खेड्यांत अनेक घरांत स्मार्टफोन एकच असतो. तो वडिलांच्या नावावर असला तरी त्यात आलेला बँकेचा संदेश आजीला वाचून दाखवणारे तिसरी-चौथीतले मूलच असते. म्हणून पासवर्डचे शिक्षण 'मोठा झाला की बघू' म्हणून पुढे ढकलू नये.

सुरुवात मुलाच्या ओळखीच्या गोष्टीपासून करावी. वावरातून आलेला कापूस खोलीत भरला की तिला कुलूप लागते, आणि किल्ली कुठे ठेवली आहे ते बाहेरच्याला सांगायचे नाही, हे त्याला न शिकवता कळते. पासवर्ड ही तशीच किल्ली आहे. मात्र लोखंडी किल्ली चोरीला गेली की जागा रिकामी दिसते. पासवर्ड दुसऱ्याला कळला तरी आपल्याजवळ तसाच राहतो, म्हणून चोरी लक्षात येत नाही. हा फरक मुलाला नीट समजावून द्यावा.

त्यानंतर पाटीवर हिशेब मांडावा. चार अंकी पिनच्या १०,००० जुळण्या होतात आणि सहा अंकीच्या १०,००,०००. पण मुलाने स्वतःचे जन्मसाल ठेवले, तर एका वर्गातल्या मुलांची जन्मसाले दोन-तीनच असल्यामुळे शेजारच्या बाकावरच्या मित्राला ते लगेच ओळखता येते. पॅटर्न लॉकची अडचण प्रत्यक्ष दाखवावी. जेवणानंतर तेलकट बोटाने लॉक उघडायला सांगून फोन उजेडात तिरपा धरला, की काचेवर उमटलेली रेघ मुलाला स्वतःच दिसते.

मुलाचे स्वतःचे खाते असेल, तर एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडून लांब पासवर्ड करावा, कारण अवघड चिन्हांपेक्षा लांबी अधिक उपयोगी पडते. 'मोर, बंडी, चिंच, डबा' असे शब्द घेतले आणि बंडीत (बैलगाडीत) बसलेला मोर डब्यातली चिंच खातो असे चित्र वहीत काढायला लावले, तर ते मुलाच्या मनात पक्के बसते (अर्थात हेच चार शब्द कोणी वापरू नयेत). पासवर्ड बहुधा रोमन अक्षरांत लिहावा लागतो, त्यामुळे ज्याचे स्पेलिंग मूल दरवेळी बदलते तो शब्द टाळावा. 'वावर' कधी व्हीने तर कधी डब्ल्यूने लिहिला जातो आणि मग खाते उघडत नाही. देवाची नावे, आरतीच्या ओळी आणि घरच्या बैलाचे नाव साऱ्या गावाला ठाऊक असते, म्हणून तेही नको.

सर्वांत जास्त वेळ ओटीपीसाठी, म्हणजे फोनवर संदेशातून येणाऱ्या एकदाच वापरायच्या नंबरासाठी द्यावा. 'आजीच्या फोनवर आलेला नंबर सांग बेटा, अनुदान अडकले आहे,' असे कोणी गोड बोलून विचारले, की मोठ्यांचे ऐकण्याची सवय असलेले मूल तो सांगून टाकते. म्हणून घरात हा प्रसंग खोटा-खोटा खेळून घ्यावा: एकाने फोन करणारा व्हावे आणि मुलाने 'आई घरी आली की बोला' म्हणून फोन ठेवावा. असा फोन ठेवणे म्हणजे उद्धटपणा नव्हे, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगावे. यूपीआय पिन मुलाला सांगूच नये. मात्र पैसे मिळवण्यासाठी तो कधीच टाकावा लागत नाही, एवढे त्याला माहीत असावे.

मुलाचा पासवर्ड आई-वडिलांना माहीत असावा, मित्राला नव्हे. विसरण्याची भीती असल्यास तो कागदावर लिहून सातबारा आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवण्यास हरकत नाही; वहीच्या मागच्या पानावर किंवा फोनच्या कव्हरमध्ये मात्र ठेवू नये. तो दर महिन्याला बदलण्याची गरज नाही, पण कोणाला कळल्याची शंका येताच बदलावा.

चूक झाल्यावर मूल रागावण्याच्या भीतीने गप्प बसते आणि त्यातच मोलाचा वेळ जातो, म्हणून 'सांगितलेस तर कोणी मारणार नाही' हा शब्द त्याला आधीच द्यावा आणि तो पाळावा. पैसे गेले असतील, तर ताबडतोब १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर आणि बँकेला कळवावे. हा क्रमांक मुलाच्याच हाताने लिहून घेऊन फोन चार्जिंगला लावतो त्या भिंतीवर चिकटवावा.