पन्नाशीच्या उंबरठ्यावर पहिली मॅरेथॉन: घरच्यांची साथ, श्रद्धा आणि सरावाचं गणित

मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. चाळिशी ओलांडल्यावर शून्यातून हे अंतर गाठायचं असेल, तर हाताशी किमान दहा महिने ठेवा. सोळा किंवा अठरा आठवड्यांचे जे आराखडे सगळीकडे फिरतात, ते आठवड्याला २५-३० किलोमीटर आधीपासून धावणाऱ्यांसाठी असतात. त्या पायरीपर्यंत पोचायलाच चार-पाच महिने लागतात.

एवढा वेळ का लागतो, ते समजून घेतलं की निम्म्या दुखापती टळतात. नियमित धावायला लागल्यावर हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सुधारतात. स्नायूंना त्याहून जास्त वेळ लागतो, आणि स्नायू हाडाला जोडणाऱ्या शिरा (टेंडन) व हाडं सर्वांत सावकाश तयार होतात. वयाबरोबर हे अंतर वाढत जातं. म्हणून तिसऱ्या महिन्यात दम लागेनासा होतो, माणूस उत्साहाने वेग आणि अंतर दोन्ही वाढवतो आणि टाचेमागची शीर किंवा पोटरी धरते. मध्यमवयीन धावपटूंना फार सतावणाऱ्या जागा या. त्या काळात दम शिल्लक असतानाही मुद्दाम थांबता आलं पाहिजे.

सुरुवातीआधी तपासणी

रक्तदाब, रक्तातली साखर, हिमोग्लोबिन, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी एवढं करून घ्या. मधुमेह, उच्च रक्तदाब, धूम्रपान किंवा घरात कमी वयात हृदयविकार असा काही इतिहास असेल, तर डॉक्टरांना ट्रेडमिलवरच्या ताण-चाचणीबद्दल विचारा. चालू औषधांची यादी त्यांच्यापुढे ठेवा. बीटा ब्लॉकर (रक्तदाब आणि हृदयविकारावरची औषधं) घेणाऱ्यांची नाडी औषधामुळे कमीच राहते, त्यामुळे घड्याळावरच्या ठोक्यांवरून त्यांना जोर कळत नाही. इन्सुलिन आणि साखर उतरवणाऱ्या काही गोळ्यांमुळे धावताना किंवा धावल्यावर काही तासांनी साखर अचानक खाली येऊ शकते. लघवीचं प्रमाण वाढवणाऱ्या गोळ्यांमुळे पाणी आणि क्षारांचा हिशोब बदलतो. रजोनिवृत्तीच्या आसपासच्या स्त्रियांनी हाडांची घनता, लोह आणि ड जीवनसत्त्व यांबद्दल जरूर विचारावं, कारण या वयात हाडाला बारीक चीर जाण्याचा धोका वाढतो.

घरी बसून करायची बोलणी

नाव नोंदवण्याआधी घरातल्या सगळ्यांसोबत कॅलेंडर उघडून बसा. ‘मी मॅरेथॉन धावणार आहे’ हे वाक्य घरच्यांना काहीच सांगत नाही. त्यांना आकडे सांगा. पहिले चार महिने आठवड्याला चार तास. शेवटच्या अडीच महिन्यांत सात-आठ तास, त्यातले तीन-साडेतीन एका सुट्टीच्या सकाळी सलग, आणि त्या दुपारी अंगात काही करायचं त्राण नसेल हेही. पहाटे साडेचारला उठायचं तर साडेनऊला झोपावं लागतं, म्हणजे टीव्ही, दिवे, रात्रीची जेवणं, पाहुणे, सगळ्यांचीच वेळ बदलते. मुलांच्या परीक्षा, घरातल्या ज्येष्ठांचं ठरलेलं ऑपरेशन, जोडीदाराच्या कामाचा गर्दीचा काळ हे सरावाच्या त्या अडीच महिन्यांवर येत असेल, तर स्पर्धाच पुढची निवडा.

तुमच्या वाटची कोणती कामं कोण उचलणार आणि त्या बदल्यात तुम्ही काय उचलणार, हे नावानिशी लिहून ठेवा. आठवड्यातून दोन संध्याकाळी स्वयंपाक तुमचा, एक पूर्ण दिवस धावण्याचा विषयही नाही, अशी साधी देवाणघेवाण टिकते. गृहीत धरलेली मदत सहाव्या-सातव्या आठवड्यात कुरबुरीत बदलते, आणि त्या ओझ्याखाली सराव नीट होत नाही.

घरच्यांना आणखी एक अधिकार द्या: ‘आज धावू नकोस’ म्हणण्याचा. तुमचं लंगडणं, उगाच चिडणं, भूक कमी होणं, झोप तुटणं हे तुमच्याआधी त्यांच्या लक्षात येतं, आणि शरीर थकून मागे चालल्याच्या या पहिल्या खुणा आहेत. लांब धावेला निघताना कोणता रस्ता आणि परतायची वेळ घरी सांगून जा. खिशात नाव, रक्तगट, औषधं आणि घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या.

आठवडा कसा आखायचा

तयारीच्या मधल्या टप्प्यातला आठवडा साधारण असा: मंगळवारी ६ किलोमीटर सावकाश, गुरुवारी ८ किलोमीटर आणि त्यात थोडा चढ किंवा थोडी वेगाची धाव, शनिवारी ४-५ किलोमीटर अगदी हलकं, रविवारी लांब धाव. दोन जड दिवसांमध्ये किमान ४८ तास जाऊ द्या. तरुण धावपटू तीन आठवडे वाढवून चौथ्यात अंतर कमी करतात. पन्नाशीच्या आसपास दोन आठवडे वाढवून तिसऱ्यात कमी करणं जास्त मानवतं. लांब धाव अशी चढू द्या: १२, १४, १०, १६, १८, १३, २०, २२, १५, २४, २६, १८, २८, ३०. शेवटची ३० किलोमीटरची धाव स्पर्धेच्या तीन आठवडे आधी यावी. साडेतीन तासांत ३० झाले नाहीत तरी तिथेच थांबा. त्यापुढच्या मिनिटांत फायदा थोडा मिळतो आणि झीज मात्र भरून यायला दिवस लागतात.

सावकाश म्हणजे पूर्ण वाक्य बोलता येईल इतकं सावकाश. कमाल नाडीचा ढोबळ अंदाज २०८ वजा वयाच्या ०.७ पट असा काढतात. पन्नाशीला तो १७३ येतो, आणि त्याच्या ७०-७५ टक्के म्हणजे १२१ ते १३० ठोके. आठवड्यातले बहुतेक किलोमीटर याच पट्ट्यात व्हावेत. चार मिनिटं धावून एक मिनिट चालण्याची पद्धत या वयाला फार उपयोगी आहे, मात्र चालणं पहिल्या किलोमीटरपासून हवं. दमल्यावर सुरू केलेलं चालणं पायांना वाचवत नाही.

आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं ताकदीचे व्यायाम कराच. वयाबरोबर स्नायू झडतात आणि नुसत्या धावण्याने ते भरून येत नाहीत. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहून दोन्ही टाचा उचलायच्या आणि एका पायावर तीन-चार सेकंद घेत खाली यायचं, प्रत्येक पायाला १२ ते १५ वेळा, असे तीन संच. सोबत उठाबशा, एका पायावरचं अर्धं बसणं, कुल्ल्यांचे पूल (पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणं) आणि प्लँक (कोपरं आणि चवड्यांवर अंग सरळ धरून राहणं). हे मंगळवारच्या आणि गुरुवारच्या धावेनंतर संध्याकाळी करा, म्हणजे विश्रांतीचा दिवस खरोखर विश्रांतीचा राहतो. प्रथिनं दर किलो वजनामागे १.२ ते १.६ ग्रॅम रोज; मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारून.

दुखण्याचा निकष सोपा ठेवा. दहापैकी तीनपर्यंतचं दुखणं जे धावताना वाढत नाही आणि दुसऱ्या सकाळी उरत नाही, ते चालेल. सकाळी अंथरुणातून उतरल्यावर पहिल्या पावलांना टाच किंवा तळवा ठणकत असेल, तर त्या आठवड्याचं अंतर निम्मं करा. हाडावर बोट ठेवल्यावर एकाच ठिकाणी दुखत असेल, तर धावणं थांबवून तपासून घ्या. आजारपणात दोन आठवडे बुडाले तर आराखड्यात दोन आठवडे मागे जाऊन सुरू करा. महिन्याहून जास्त खंड पडला, तर त्या दिवशी अर्धमॅरेथॉन धावा किंवा तारीख बदला.

श्रद्धेची जागा

सश्रद्ध माणसाकडे मॅरेथॉनला लागणारी एक सवय आधीपासून असते: फळ दिसत नसताना तीच गोष्ट रोज करणं. ती सरावात कशी वापरायची, याचे ठोस मार्ग आहेत. उठल्यावर प्रार्थनेची दहा मिनिटं आणि लगेच बूट, अशी साखळी लावली की आज जावं की नको हा विचार मध्ये येत नाही. हलक्या धावेत नामस्मरण किंवा प्रार्थनेची ओळ पुटपुटत धावा. ओळ अर्धी तुटायला लागली की वेग जास्त झाला. घड्याळापेक्षा हे माप अनेकदा जास्त खरं ठरतं. लांब धावेतले शेवटचे दहा किलोमीटर दहा माणसांना वाटून देता येतात: एक किलोमीटर आईसाठी, पुढचा आजारी मित्रासाठी. मन अंतरावरून माणसाकडे वळलं की पाय जड वाटणं कमी होतं.

उपासनेचा ठरलेला दिवस आणि लांब धाव एकाच सकाळी आणू नका. दोन्ही घाईत होतात, आणि धाव तेवढी मनात खुपत राहते. निर्जळी उपवासाचा दिवस विश्रांतीचा धरा. महिनाभराचे उपवास असतील तर त्या महिन्यात अंतर वाढवू नका. उपवास सोडण्याआधीची ३०-४० मिनिटं हलकं धावा आणि लगेच पाणी, जेवण घ्या.

सगळ्यांत जपायची गोष्ट म्हणजे संकल्प. ‘काही झालं तरी पूर्ण करीन’ असा शब्द देवापुढे दिलेला माणूस मोडलेल्या पायावरही धावत राहतो. संकल्प सरावाचा करा, सीमारेषेचा करू नका. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात दुखणं, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळा दम यांपैकी काहीही झालं तर तिथल्या तिथे थांबून मदत मागायची. तो श्रद्धेचा कमीपणा नाही.

पाणी आणि इंधन

धावताना दर किलोमीटरला दर किलो वजनामागे अंदाजे एक किलोकॅलरी लागते. ७० किलोच्या माणसाला पूर्ण अंतरासाठी सुमारे २,९५० लागतात, तर स्नायू आणि यकृतातला साठा साधारण २,००० चा. चरबी उरलेला भार उचलते, पण तिच्यातून ऊर्जा सावकाश मिळते. तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरनंतर पाय गळतात ते यामुळे. उपाय म्हणजे पहिल्या ४०-४५ मिनिटांपासूनच तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. एका जेलमध्ये (धावताना चोखायच्या गोड पाकाच्या पुडीत) साधारण २०-२५ ग्रॅम असतात, मध्यम केळ्यातही जवळपास तेवढेच. जे स्पर्धेत खाणार ते किमान पाच लांब धावांत खाऊन पाहिलेलं असावं. पोटालाही सराव लागतो.

पाणी तहानेप्रमाणे प्या. एक तास धावण्याआधी आणि नंतर वजन करा: घटलेले ग्रॅम अधिक प्यायलेले मिलिलिटर म्हणजे तुमचा तासाचा घाम. धावून आल्यावर वजन वाढलं असेल तर तुम्ही जास्त पीत आहात, आणि रक्तातलं सोडियम पातळ होणं जिवावर बेतू शकतं. सावकाश धावणाऱ्यांना हा धोका जास्त, कारण स्पर्धेत पाण्याच्या प्रत्येक टेबलापाशी थांबायला त्यांना वेळ मिळतो. दुखू नये म्हणून आधीच आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेऊ नका. घाम जात असताना तिचा ताण मूत्रपिंडांवर पडतो.

शेवटचे तीन आठवडे आणि स्पर्धेचा दिवस

अंतर अनुक्रमे २०, ४० आणि ६० टक्क्यांनी उतरवा. या काळात नवी दुखणी भासतात आणि सराव कमी पडल्याची भीती वाटते. घरच्यांनी तेव्हा वाढीव धाव करू देऊ नये. नवे बूट, नवे मोजे, नवं खाणं काहीच नको. काखा, मांड्या, स्तनाग्रं आणि बोटांच्या बेचक्यांत व्हॅसलीन लावा.

घरच्यांना वेळा लिहून द्या. किलोमीटरला साडेसात मिनिटांच्या गतीने १२ वा किलोमीटर दीड तासाने, २४ वा तीन तासांनी, ३४ वा सव्वाचार तासांनी आणि शेवट ५ तास १६ मिनिटांनी. स्पर्धेची वेळमर्यादा याच्याशी ताडून पाहा. गर्दीत फोन लागत नाहीत, म्हणून भेटायची जागा आणि रस्त्याची बाजू आधी ठरवा. सोबत माणसं कमी असतील तर त्यांना ३४ व्या किलोमीटरलाच उभं करा, गरज तिथे असते. अधिकृत टेबलांबाहेर खाणं-पाणी घेतलेलं चालतं का, हे आयोजकांना विचारा. ‘आता थोडंच राहिलं’ असं घरच्यांनी म्हणू नये, आठ किलोमीटर थोडे नसतात. नाव घ्यावं, ‘खांदे सैल सोड, जेल घे’ असं करता येण्याजोगं काही सांगावं. त्यांनाही पाच तास उभं राहायचं आहे. घडीची खुर्ची, टोपी, डबा त्यांच्यासाठीही हवा.

पहिले दहा किलोमीटर ठरल्यापेक्षा १०-१५ सेकंद सावकाश धावा. सीमारेषा ओलांडल्यावर एकदम थांबू नका, पायात रक्त साचून भोवळ येते. दहा-पंधरा मिनिटं चालत राहा, कोरडे कपडे घाला, तासाभरात जेवा. घरी गाडी दुसऱ्याने चालवावी. लघवी गडद तपकिरी झाली, किंवा उलट्या आणि गोंधळलेपण दिसलं, तर थेट रुग्णालयात जायचं.

पहिला आठवडा फक्त चालणं. नंतरच्या काही दिवसांत मन उदास, रिकामं वाटणं साहजिक आहे, हेही घरच्यांना आधी सांगून ठेवा; त्याच दिवसांत त्यांनी उचललेली कामं परत आपल्याकडे घ्या. जिना उतरताना मांड्या दुखायच्या थांबल्या की मगच वीस मिनिटांची पहिली हलकी धाव.