जास्वंदीवर प्रार्थनाकीटक दिसला तर

सांगलीत विश्रामबागेत आमच्या घरामागं चिंचोळी जागा आहे. कढीपत्ता, दोन जास्वंदी, काकडी-कारल्याचा मांडव आणि कडेनं हळद, एवढाच पसारा. श्रावण लागला की शेजारच्या वहिनींची हाक ठरलेली, “अहो, तुमच्या जास्वंदीवर कसला तर किडा बसलाय, मारू का?” तुम्हालाही कुणी असं विचारलं तर आधी त्यांच्या हातातली चप्पल खाली ठेवायला सांगा. मग जवळ जाऊन बघा.

त्रिकोणी डोकं, त्यावर दोन टपोरे डोळे, लांबट मान आणि पुढचे दोन पाय हात जोडल्यासारखे दुमडलेले असतील, तर तो प्रार्थनाकीटक. मागचे पाय उडीसाठी मांडीत जाडजूड असतील तर तो टोळ. खात्री करायची तर जरा बाजूला सरका. प्रार्थनाकीटक मान वळवून तुमच्याकडं बघत राहतो, टोळाला ते जमत नाही. रंग हिरवा असो की वाळक्या काडीसारखा तपकिरी, किडा तोच. फुलांवर बसणारी एक ठेंगणी जात आहे, तिच्या पंखांवर डोळ्यासारखा ठिपका असतो. रात्री बॅटरी मारून बघितलं आणि दिवसा हिरवे असलेले डोळे काळे दिसले, तर दचकू नका. अंधारात त्यांचे डोळे तसेच होतात.

हा विषारी नाही, याला नांगीही नाही. फार डिवचलं तर पंख पसरून, पुढचे पाय वर करून अंगावर आल्यासारखं करतो. बोटात धरलंत तर पायांवरचे काटे टोचतील, क्वचित चावेलही. साबणानं हात धुतला की झालं.

मग करायचं काय? बहुतेक वेळा काहीच नाही. तो बसलाय तिथं राहू द्या.

मी मात्र एका ठिकाणाहून त्याला उठवते, ते म्हणजे काकडी-कारल्याची फुलं. त्याला शेतकऱ्याचा मित्र म्हणतात ते खरं, पण मित्राला आपला-परका कळत नाही. माश्या, पतंग, अळ्या, टोळ खातो, तशीच मधमाशीही खातो, फुलपाखरूही खातो. सकाळी मधमाश्या फुलांवर यायच्या वेळी हा तिथंच दबा धरून बसला तर फळ धरणार कसं? तेव्हा त्याला जास्वंदीवर हलवायचं.

हलवायची रीत सोपी आहे. खराट्याची एक जाड काडी त्याच्या तोंडापुढं, जरा वरच्या अंगाला धरायची आणि मागून दुसऱ्या काडीनं हळूच स्पर्श करायचा. त्याला वर चढायची सवय असते, आपोआप काडीवर येतो. पोट धरून उचलायचं नाही. अंड्यांवर आलेल्या मादीचं पोट फुगलेलं आणि मऊ असतं, चिमटीत फुटतं. आणि तो उलटा लटकून अंग काढत असेल, म्हणजे कात टाकत असेल, तर मधमाश्यांचा विचार बाजूला ठेवा आणि हातच लावू नका. त्या वेळी खाली पडला तर पाय वाकडे होतात, बऱ्याचदा मरतोच.

संध्याकाळी ट्यूबलाइटला घरात आला तर पहिल्यांदा पंखा बंद करा. मग दिवा घालवून बाहेरचा लावा, किंवा वरचीच काडीची युक्ती. उशीर केलात तर पाल तुमचं काम करून टाकेल.

औषधाचं मात्र स्पष्ट सांगते. आमचे दीर तासगावकडं द्राक्षबाग करतात. ऑक्टोबर छाटणी झाली की त्यांच्या फवारण्या सुरू होतात. त्यांचं पोट त्या बागेवर आहे, मी काही बोलत नाही. पण उरलेली बाटली ते प्रेमानं “वहिनी, जास्वंदीला मारा” म्हणून पाठवतात, ती मी परत धाडते. घरच्या चार झाडांना ते औषध मारलं की अळीबरोबर प्रार्थनाकीटकही जातो. मावा चार दिवसांत परत येतो, प्रार्थनाकीटक लवकर येत नाही. तो मावा किंवा पांढरा पिठ्या ढेकूण आवरेल अशी आशाही ठेवू नका, मोठ्या किड्याला असलं बारीक खाद्य पुरत नाही. त्यासाठी पाण्याचा जोराचा फवारा मारा, फार झालं असेल तर फांदी छाटा. साबणाचं पाणी मारायचं तर तेवढ्याच फांदीवर, आणि आधी पानं उलटून कोण बसलंय ते बघून.

अंड्यांचं घरटं बहुतेकांना ओळखू येत नाही, तिथंच घोळ होतो. मादी फेस सोडते, त्यात अंडी घालते आणि तो फेस वाळून टणक, मातकट गोळा होतो. कढीपत्त्याच्या काडीवर, खिडकीच्या गजावर, कधी भिंतीवर. दिवाळीची रंगरंगोटी निघाली की रंगारी पत्र्यानं खरवडून टाकतो. म्हणून त्याला आधीच खडूनं गोल करून दाखवा आणि तेवढी जागा सोडायला सांगा. छाटायच्या फांदीवर असेल तर ती काडी कापून, तशीच उभी, दुसऱ्या झाडाला सुतळीनं बांधा. जमिनीवर ठेवू नका, मुंग्या लागतात. गोळ्याच्या बाजूला बारीक गोल भोकं दिसली तर समजा, आत गांधीलमाशीच्या जातीतला एखादा चिमुकला कीटक वाढून बाहेर पडला असावा.

पिल्लं निघतात तेव्हा डझनांनी, कधी शंभराच्या वर निघतात. बिनपंखी, मुंगीएवढी. नातवंडं बरणी घेऊन धावतील. एखादं पिल्लू दिवसभर बघायला द्या, आत उभी काडी आणि वर फडकं बांधून. सगळी एका बरणीत कोंडली तर ती एकमेकांनाच खातात. संध्याकाळी बरणी कढीपत्त्यापाशी आडवी करून ठेवा.

पावसाळ्यात एखादा मेलेला प्रार्थनाकीटक पाण्याच्या टबाजवळ सापडेल आणि त्याच्याजवळ काळ्या दोऱ्यासारखा लांबलचक जंत वळवळताना दिसेल. किळस येते खरी, पण तो किड्यांच्या पोटात वाढणारा जंत आहे, माणसाला किंवा मांजराला त्याचं काही होत नाही. टबातलं पाणी हळदीला ओता आणि टब घासून ठेवा.