पीएफटीच्या (फुप्फुसांच्या क्षमतेच्या तपासणीच्या) खोलीत नव्याने येणाऱ्यांसाठी

आमच्याकडे नवीन रुजू झालेली मुलं आधी सॉफ्टवेअर शिकायला बसतात. ते येतंच हो. कस लागतो तो पेशंटकडून एक धड फुंकर काढून घेताना. एक्स-रेला पेशंट नुसता उभा राहिला तरी काम होतं. स्पायरोमेट्रीत, म्हणजे मशीनमध्ये फुंकून हवा मोजण्याच्या तपासणीत, मात्र आकडा येतो तो त्याच्या जोरावर आणि आपल्या ओरडण्यावर.

पुस्तकातले आकडे तुम्हाला पाठ असतीलच. शांत बसल्यावरचा एक श्वास साधारण 500 मिली, त्यातले 150 मिली नळ्यांमध्येच राहतात. छाती गच्च भरली तर वर आणखी 3000 मिली मावतात आणि नेहमीचा श्वास सोडून झाल्यावर जोर लावला तर आणखी 1100 बाहेर येतात. 500, 3000 आणि 1100 मिळून झाली व्हायटल कपॅसिटी, म्हणजे छाती गच्च भरून पूर्ण सोडता येणारी हवा. पण हा पुस्तकातला तरुण, धडधाकट पुरुष आहे, समोरच्या साडेचार फुटी आजी नव्हेत. जॉन हचिन्सन यांनी 1846 मध्ये लंडनमध्ये दोन हजारांहून जास्त माणसं तपासून दाखवलं होतं, की व्हायटल कपॅसिटी उंचीबरोबर वाढते. तेव्हा पेशंट सांगेल ती उंची लिहू नका. चपला काढायला लावा आणि स्वतः मोजा. पाठीला बाक असेल तर दोन्ही हात पसरायला सांगून एका मधल्या बोटापासून दुसऱ्यापर्यंत टेप लावा.

आता फुंकरीचं. श्वास घेताना छाती-पोटामधला स्नायूचा पडदा खाली सरकतो, बरगड्या वर उचलल्या जातात आणि फुप्फुसाभोवतीचा दाब उणे 5 वरून उणे 8 सेंटीमीटर पाण्याच्या आसपास जातो. शांतपणे सोडताना स्नायूंना काही करावं लागत नाही, ताणलेलं फुप्फुस आपोआप आवळतं. जोरात सोडताना मात्र पोटाचे स्नायू लागतात. म्हणून पट्टा सैल, पाठ ताठ, पाय जमिनीला टेकलेले. खुर्ची हाताची हवी, चाकांची नको. चक्कर येते काहींना.

जोर उपयोगी पडतो तो पहिल्या झटक्यालाच. पुढे छातीतला वाढलेला दाब नळ्यांनाच बाहेरून दाबत असतो, त्यामुळे आणखी जोर लावला तरी हवेचा वेग वाढत नाही. म्हणून सुरुवातीला खणखणीत आवाजात ‘फुंका!’ आणि मग ‘अजून, अजून, सोडू नका’. तिथे जोर नाही, लांबी हवी असते. आलेखाचं टोक बोथट दिसलं तर ती फुंकर बाद समजा.

चुलीपुढे आयुष्य गेलेल्या बायका माउथपीस हातात आला की गाल फुगवून, फुंकणीत फुंकावं तशी बेताने हवा सोडतात. त्यांना शब्दांनी समजावत बसू नका, स्वतः करून दाखवा. आणि फॉर्मवर ‘धूम्रपान नाही’ एवढंच लिहून मोकळे होऊ नका, चुलीचं विचारा. सिगारेटला कधी हात न लावलेल्यांना सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) होतो, तो पुष्कळदा त्या धुरानेच. कवळी घट्ट बसत असेल तर राहू द्या, ओठ नीट मिटतात. तोंडात तंबाखू असेल तर आधी चूळ.

चांगल्या तीन फुंकरी हव्यात आणि त्यातल्या सर्वांत मोठ्या दोघींत 150 मिलीपेक्षा जास्त फरक नको. आठ प्रयत्नांतही जमलं नाही तर थांबा, माणूस दमलेला असतो.

जीव काढून फुंकलं तरी सुमारे 1200 मिली हवा आत राहतेच आणि ती स्पायरोमीटरला दिसत नाही. त्यासाठी हेलियमची पद्धत किंवा बॉडी बॉक्स (पेशंटला आत बसवायची बंद केबिन) लागतो. एफव्हीसी (जोराने फुंकून मोजलेली व्हायटल कपॅसिटी) कमी आली म्हणून ‘फुप्फुस आक्रसलंय’ असं पेशंटला बोलून जाऊ नका. दम्यात, सीओपीडीत हवा आत अडकल्यानेही ती कमी येते.

नुकताच हार्ट अटॅक, डोळ्याचं ऑपरेशन, थुंकीतून रक्त यातलं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय फुंकायला लावू नका. टीबीची शंका असेल तर आधी थुंकीचा रिपोर्ट येऊ द्या. सकाळी 3 लिटरच्या सिरिंजने मशीनचं कॅलिब्रेशन करा, म्हणजे ते बरोबर मोजतंय का ते तपासा. आकडा 2.91 ते 3.09 मध्ये बसला नाही तर पेशंट आत घ्यायचा नाही, बाहेर रांग कितीही असो.

साल्ब्युटामॉलचे (श्वासनळ्या रुंद करणाऱ्या औषधाचे) चार पफ दिल्यावर किमान 15 मिनिटं जाऊ द्या, मगच दुसरी फेरी. सुधारणा कशाला म्हणायचं याचे दोन नियम भेटतील: जुन्या रिपोर्टांत पहिल्या फेरीपेक्षा 12 टक्के आणि शिवाय 200 मिली वाढ, तर 2021 पासून त्या माणसाच्या वय-उंचीला अपेक्षित आकड्याच्या 10 टक्क्यांहून जास्त वाढ. तुमच्या विभागात कुठला धरतात ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या.