रेकॉर्डिंगच्या मध्येच जॅक सर्व्हर बंद पडतो तेव्हा

लिनक्सवर संगीताचे काम करताना जॅक सर्व्हर, म्हणजे संगीताचे प्रोग्रॅम आणि साउंड कार्ड यांच्यात आवाजाची ने-आण करणारा प्रोग्रॅम, बंद पडला, की बहुतेक जण आधी बफर (आवाजाचा तात्पुरता साठा) वाढवतात, मग सर्व्हर पुन्हा चालू करतात आणि तरीही भागले नाही तर सगळी सिस्टीमच नव्याने टाकतात. या धडपडीत मूळ दोष क्वचितच सापडतो. सर्व्हर मुळात सुरूच होत नाही, चालता चालता कोसळतो, की सर्व्हर शाबूत असून एखादा प्रोग्रॅमच त्याच्यापासून तुटतो, हे आधी ठरवावे. तिन्ही वेळा आवाज जातो, पण कारणे वेगवेगळी असतात.

त्यासाठी जॅक चालवण्याच्या क्यूजॅककंट्रोल या प्रोग्रॅममधील मेसेजेसची खिडकी उघडावी आणि लॉग, म्हणजे नोंदींची यादी, खालून वर वाचत जावा. सगळ्यात खालची ओळ बहुधा केवळ परिणाम सांगते. कारण त्याच्या पाच-दहा ओळी वर, पहिली चूक जिथे नोंदली गेली तिथे असते. त्या पहिल्या चुकीची वेळ टिपून ठेवावी, कारण पुढे ती कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदींशी ताडून पाहायची आहे.

सर्व्हर सुरूच होत नसेल आणि साउंड कार्ड व्यस्त असल्याचा संदेश येत असेल, तर पल्सऑडिओ (डेस्कटॉपचा आवाज हाताळणारी सेवा) किंवा थेट अल्सातून (कर्नलच्या आवाज यंत्रणेतून) आवाज काढणारा दुसरा प्रोग्रॅम ते अडवून बसलेला असतो. तो बंद केला की काम होते. कार्ड सापडतच नसेल तर त्याचा क्रमांक बदललेला असण्याची शक्यता मोठी आहे. काल ० क्रमांकावर असलेला यूएसबी इंटरफेस (बाहेरून जोडायचे साउंड कार्ड) आज १ वर जातो आणि त्याच्या जागी मॉनिटरचे एचडीएमआय येते. म्हणून सेटिंगमध्ये क्रमांकाऐवजी कार्डाचे नावच द्यावे.

चालू सर्व्हर कोसळत असेल तर डीमेसेज (dmesg) ही आज्ञा चालवून कर्नलच्या नोंदी पाहाव्यात. टिपलेल्या वेळीच तिथे यूएसबी डिस्कनेक्टची ओळ दिसली, तर जॅकच्या सेटिंगमध्ये शोधत बसण्यात अर्थ नाही. केबल बदलावी, हब काढून इंटरफेस थेट संगणकाला जोडावा आणि यूएसबीची वीज वाचवणारी ऑटोसस्पेंड सोय त्या उपकरणापुरती बंद करावी. वाढवलेला बफर इथे काहीच वाचवू शकत नाही, आणि नेमक्या याच ठिकाणी लोकांचा सर्वाधिक वेळ वाया जातो असे माझे ठाम मत आहे.

कर्नलच्या नोंदी स्वच्छ असतील तर रिअलटाइम परवानग्या, म्हणजे इतर कामांच्या आधी प्रोसेसर मिळवण्याचा हक्क, तपासाव्यात. टर्मिनलवर यूलिमिट आज्ञा आर पर्यायासह (ulimit -r) दिल्यावर ९५ किंवा तत्सम प्राधान्य दिसायला हवे आणि एल पर्यायासह (ulimit -l) अनलिमिटेड. आर पर्यायाला ० असे उत्तर आले तर जॅकचा धागा (थ्रेड) ब्राउझर किंवा बॅकअपसारख्या साध्या कामांच्या रांगेत उभा आहे असे समजावे. लिमिट्सच्या फाइलमध्ये ऑडिओ गटासाठी आरटीप्रायो (रिअलटाइम प्राधान्य) आणि मेमलॉक (मेमरी अडवून ठेवण्याची मुभा) या दोन ओळी घालाव्यात, आपले खाते त्या गटात टाकावे आणि लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करावे. गटाचे सदस्यत्व लॉगिनच्या वेळीच लागू होते. नुसते टर्मिनल बंद करून उघडल्याने ते लागू होत नाही, आणि केलेली दुरुस्ती निरुपयोगी ठरली असा गैरसमज होतो.

बफरचा विचार त्यानंतर करावा. ४८,००० हर्ट्झला २५६ फ्रेम्सचे (आवाजाच्या नमुन्यांचे) ३ पिरियड (बफरचे तुकडे) घेतले, तर बफर १६ मिलिसेकंदांचा होतो. यूएसबी इंटरफेससाठी २ ऐवजी ३ पिरियड सहसा अधिक स्थिर चालतात. प्रोसेसरचा गव्हर्नर, म्हणजे त्याचा वेग ठरवणारी सेटिंग, परफॉर्मन्सवर ठेवल्यास एक्सरन (बफर वेळेत न भरल्याने आवाज तुटणे) बरेच कमी होतात.

सर्व्हर चालू राहून प्रोग्रॅमच तुटत असेल तर संशय प्लगइनवर, म्हणजे त्या प्रोग्रॅममध्ये जोडलेल्या इफेक्ट किंवा वाद्यांच्या घटकांवर, घ्यावा. क्लायंटने (जॅकला जोडलेल्या प्रोग्रॅमने) ठरलेल्या मुदतीत, म्हणजे मूळ सेटिंगनुसार ५०० मिलिसेकंदांत, उत्तर दिले नाही तर जॅक त्याला साखळीबाहेर काढू शकतो. प्रकल्पाची प्रत करून निम्मी प्लगइन्स बंद करावीत, तोच भाग पुन्हा वाजवावा आणि दोष कायम असेल तर चालू असलेल्यांतून, नाहीसा झाला तर बंद केलेल्यांतून पुन्हा निम्मी वगळावीत. दोषी प्लगइन अशा रीतीने थोड्याच फेऱ्यांत हाती लागते.

पाइपवायर (आवाज हाताळणारा नवा सर्व्हर) असलेल्या लिनक्सच्या नव्या वितरणांत जॅकची जागा बहुधा तोच सांभाळतो. तिथे जुना जॅक सर्व्हर वेगळा चालू करू नये, कारण दोघेही एकाच कार्डावर हक्क सांगतात. पीडब्ल्यू-टॉप (pw-top) ही पाइपवायरची आज्ञा उघडून चुकांच्या रकान्यातील आकडा कोणत्या प्रोग्रॅमसमोर वाढतो ते पाहावे आणि तपास त्याच्यापासून सुरू करावा.