कार्डवर दोन रेघा आल्या, आता डॉक्टरकडे नक्की काय काय होतं?

मेडिकलमधून प्रेग्नन्सी टेस्टचं कार्ड आणलं, घरी टेस्ट केली, दोन रेघा आल्या, मग डॉक्टर परत सगळं पहिल्यापासून का करतात असं खूप जणींना वाटतं. कार्ड फक्त एवढंच सांगतं की लघवीत एचसीजी नावाचं हार्मोन आहे. गर्भ गर्भपिशवीतच आहे ना, किती आठवड्यांचा आहे, ठोके आलेत का, हे कार्डवरून कळत नाही आणि खरं महत्त्वाचं तेच असतं.

जाण्याआधी शेवटच्या पाळीची तारीख लिहून ठेवा, म्हणजे ब्लीडिंग सुरू झालं तो पहिला दिवस, थांबलं तो नाही. डॉक्टरांचा पहिला प्रश्न हाच असतो आणि डिलिव्हरीची तारीखही त्यावरूनच काढतात (नऊ महिने आणि सात दिवस पुढे). पाळी अनियमित असेल, पीसीओडी असेल, थायरॉईड, बीपी, फिट्स कसल्याही गोळ्या चालू असतील तर सांगा, आधी गर्भपात झाला असेल तर तोही सांगा. सोबत सासूबाई किंवा नवरा असेल आणि त्यांच्यासमोर बोलायचं नसेल तर "मला एकटीला बोलायचंय" असं सरळ म्हणा, तो तुमचा हक्क आहे.

क्लिनिकमध्ये बहुतेक वेळा डबी देऊन परत युरीन टेस्ट करतात. सकाळची पहिली लघवी सगळ्यात चांगली, ते जमलं नाही तर तीन-चार तास रोखलेली चालते, पण लघवी यावी म्हणून बाटलीभर पाणी पिऊन जाऊ नका, हार्मोन पातळ होतं आणि रेघ फिकी येते. फिकी असली तरी दिलेल्या वेळेत आलेली रेघ म्हणजे बहुतेक पॉझिटिव्हच. मात्र कार्ड तासाभराने बघून त्यावर दिसलेली रेघ धरू नका. आणि वंध्यत्वाच्या ट्रीटमेंटमध्ये एचसीजीचं इंजेक्शन घेतलं असेल तर त्यामुळेही दोन रेघा येऊ शकतात, म्हणून तेही सांगायचं.

शंका असली तर रक्ताची बीटा एचसीजी, म्हणजे तेच हार्मोन रक्तात किती आहे ते मोजणारी टेस्ट. साधारण 5 च्या खाली म्हणजे प्रेग्नन्सी नाही, 25 च्या वर म्हणजे आहे, मधला आकडा आला तर परत करायची. दोन दिवसांनी पुन्हा करायला सांगितली म्हणून घाबरू नका, सुरुवातीला हा आकडा दोन-तीन दिवसांत जवळपास दुप्पट होतो आणि डॉक्टरांना एका आकड्यापेक्षा तो कसा वाढतोय ते बघायचं असतं.

मग सोनोग्राफी, आणि इथेच सगळ्यात जास्त रडारड होते. पाचव्या आठवड्यात गेलात तर फक्त सॅक (गर्भाभोवतीची छोटी पिशवी) दिसते, ठोके साधारण सहाव्या-सातव्या आठवड्यात दिसायला लागतात, त्यामुळे "ठोके नाहीत, दहा-पंधरा दिवसांनी परत या" असं सांगितलं म्हणजे बाळ गेलं असं नाही, ओव्ह्युलेशन (स्त्रीबीज बाहेर पडणं) उशिरा झालं असेल तर गर्भ तारखेपेक्षा लहानच असतो. इतक्या लवकर बऱ्याचदा खालून सोनोग्राफी करतात, त्यासाठी लघवी करून जायचं, पोटावरून करायची असेल तर पाणी पिऊन थांबायचं, त्यामुळे कुठली करणार ते आधीच विचारून घ्या. आधारकार्ड न्या, फॉर्म एफ भरून सही घेतात, हे 1994 च्या गर्भलिंग निदान विरोधी कायद्यामुळे असतं.

रिपोर्टवर सहा आठवडे बघून बऱ्याच घरात हिशोब सुरू होतो, की नवरा तर महिन्यापूर्वी गावाला आला होता मग सहा कसे? अहो, आठवडे पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात आणि गर्भ त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी राहतो, म्हणजे सहा आठवड्यांच्या रिपोर्टला गर्भ चारच आठवड्यांचा असतो. यावरून बाईवर संशय घेणं फार वाईट आहे, डॉक्टरांनाच घरच्यांना समजावून सांगायला सांगा.

टेस्ट पॉझिटिव्ह आहे आणि पोटात एका बाजूला जोरात दुखतंय, ब्लीडिंग होतंय, चक्कर येतेय किंवा खांद्याच्या टोकाला दुखतंय, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. गर्भ नळीत राहिला असेल तर नळी फुटू शकते आणि जीवावर बेततं.

पैशांची अडचण असेल तर आशाताईंकडे निश्चय किट (सरकारी प्रेग्नन्सी टेस्टचं कार्ड) फुकट मिळतं, सरकारी दवाखान्यात नोंदणी बारा आठवड्यांच्या आत करून घ्या, आणि दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात फुकट तपासणी असते, ती मुख्यतः चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांसाठी. फॉलिक ॲसिडची गोळी मात्र पहिल्याच भेटीत विचारून सुरू करा.

आणि हे मूल नको असेल तरी डॉक्टरकडेच जा. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने कायदेशीर गर्भपात होऊ शकतो आणि वय अठरा पूर्ण असेल तर फक्त तुमची संमती लागते, नवऱ्याची सही लागत नाही. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून घेऊ नका, गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्यांनी तो पडत नाही, आणि ब्लीडिंग झालं म्हणजे सुटलो असं समजून बाई घरीच बसते.