नव्या पाळकासाठी: रविवार आणि मधले सहा दिवस

ईश्वरपरिज्ञानाचं शिक्षण संपवून पहिली मंडळी, म्हणजे चर्चमधला विश्वासी समुदाय, हाती येते, तेव्हा नव्या पाळकाची (ख्रिस्ती धर्मगुरूची) बरीचशी शक्ती रविवारच्या संदेशात, म्हणजे प्रवचनात जाते. ते स्वाभाविकही आहे. अभ्यासक्रमात ग्रीक, हिब्रू आणि संदेशशास्त्राचे पुष्कळ तास असतात; आजाऱ्याच्या खाटेशेजारी बसून काय बोलायचं, याचे थोडे. पण आपल्या अडचणीच्या दिवशी कोण आलं आणि कोणी शांतपणे ऐकून घेतलं, यावरही माणसांचा विश्वास जगत असतो. शिवाय भेटी थांबल्या की संदेशही कोरडा पडतो, कारण समोर बसलेला माणूस कसला भार घेऊन आला आहे हेच पाळकाला ठाऊक नसतं. म्हणून व्यासपीठ आणि घरभेट ही एकच सेवा समजून आठवडा आखावा.

पहिले सहा महिने उपासनेचा क्रम, गीतांची पद्धत, सभांच्या वेळा यांतलं काही बदलू नका. कोणाला इजा होत असेल तर गोष्ट वेगळी. निरर्थक वाटणाऱ्या पद्धतीमागेही बहुधा काही घडलेलं असतं आणि ते कळायला वेळ लागतो. या काळात सभासदांच्या नोंदवहीवरून कुटुंबवार एक वही करा. कोणाचं कोण, बाप्तिस्मा कधी झाला, घरात मृत्यू कधी झाला, कोण अंथरुणाला खिळलं आहे, कोणाची मुलं दूर गेली आहेत, एवढं तीत असावं. विश्वासाने सांगितलेलं गुपित मात्र तिच्यात कधीही लिहू नये. वही हरवते, दुसऱ्याच्या हाती पडते. नावं आहेत पण माणसं दिसत नाहीत, अशा घरांना आधी भेटा. कोणी लागोपाठ तीन रविवार आलं नाही तर चौथ्याची वाट न बघता फोन करा आणि "कसे आहात?" एवढंच विचारा. "का आला नाहीत?" हा प्रश्न हजेरी घेतल्यासारखा लागतो, आणि ज्याला खरंच काही सांगायचं असतं तोही गप्प होतो.

संदेशाची तयारी सोमवारी किंवा मंगळवारी सुरू व्हायला हवी, शनिवारी रात्री नव्हे. शास्त्रपाठ आधी मोठ्याने चार-पाच वेळा वाचा. मग त्याच्या आधीचा आणि नंतरचा अध्याय वाचा. कोण कोणाशी बोलतो आहे, कोणत्या प्रसंगी, ऐकणाऱ्याकडून काय अपेक्षित आहे, हे स्वतःच्या शब्दांत लिहून काढा. टीकाग्रंथ, म्हणजे शास्त्राचा अर्थ उलगडणारे ग्रंथ, त्यानंतर उघडा. आधी उघडले तर दुसऱ्याची उत्तरं हाती येतात आणि आपले प्रश्न सुचतच नाहीत. बुधवारपर्यंत संदेशाचं सार एका वाक्यात मांडता यायला हवं. येत नसेल तर हाती एक संदेश नसून तीन आहेत, त्यांतले दोन बाजूला ठेवा. मग मंडळीतली तीन-चार माणसं मनात आणा: नुकतंच वैधव्य आलेली, नोकरी गेलेला, परीक्षेच्या ताणात असलेला मुलगा, देवावर रागावलेला म्हातारा. हे वाक्य त्यांना काय देतं? उत्तर सापडलं नाही तर पुन्हा शास्त्रपाठाकडे जा. शेवटी सगळा मजकूर घड्याळ लावून मोठ्याने वाचा. वीस ते पंचवीस मिनिटं पुरतात. लांबलेल्या संदेशात जास्त सांगितलेलं असतं असं नाही. पुष्कळदा शेवट न सापडल्यामुळेच तो लांबलेला असतो.

शास्त्रपाठ निवडताना आवडत्या विषयांच्या मागे लागू नका. अनेक मंडळ्या वापरतात ती सुधारित सामायिक पाठसूची, म्हणजे कोणत्या रविवारी कोणते शास्त्रपाठ वाचायचे याची यादी, 1992 साली आली. तिचं चक्र तीन वर्षांचं आहे. येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी पहिल्या वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक, आणि योहान तिन्ही वर्षांत विखुरलेला. बहुतेक रविवारी जुन्या करारातला एक पाठ, एक स्तोत्र, पत्रांतला एक पाठ आणि शुभवर्तमानातला एक असे चार पाठ असतात. दुसरी वाट म्हणजे एकच पुस्तक सलग घेणं. 1519 च्या जानेवारीत धर्मसुधारक झ्विंगलीने झुरिकमध्ये मत्तयापासून तशी सुरुवात केली होती. दोन्ही वाटांचा एक लाभ नव्या पाळकाच्या पटकन ध्यानात येत नाही. मंडळीत भांडण चालू असताना क्षमेचा पाठ आला, तर "आमच्यावर रोखून निवडला" असं कोणाला म्हणता येत नाही. आणि पाळकालाही अवघड वचनं टाळता येत नाहीत.

वर्षाची आखणी ईस्टरपासून करा. पाश्चात्त्य परंपरेत ही तारीख 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या दरम्यान फिरते. तिच्या 46 दिवस आधी भस्म बुधवार येतो. मधले सहा रविवार वगळले की उपवासकाळाचे 40 दिवस भरतात. ईस्टर धरून 40 वा दिवस येशूच्या स्वर्गारोहणाचा आणि 50 वा पेंटेकॉस्टचा, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाचा. आगमनकाळ, म्हणजे नाताळाच्या तयारीचा काळ, नाताळाआधीच्या चौथ्या रविवारी सुरू होतो. दृढीकरणाचे (बाप्तिस्मा झालेल्यांनी आपला विश्वास स्वतः जाहीर करण्याच्या विधीचे) वर्ग, लग्नं, वार्षिक सभा यांच्या तारखा हे दिवस नक्की झाल्यावरच ठरवा.

आता घरभेट. आधी कळवून जा. तीस-चाळीस मिनिटं पुरेत. पहिली वीस मिनिटं तुम्ही कमीत कमी बोलायचं. मग पाच ते दहा वचनांचा पाठ, आणि त्या घरात जे ऐकलं त्यावर प्रार्थना. माणसांची नावं घ्या, त्यांच्याच शब्दांत त्यांचं ओझं देवापुढे ठेवा. पाठ केलेली प्रार्थना आणि ऐकून केलेली प्रार्थना यांतला फरक लहान मुलालाही कळतो. भेटीत ऐकलेली गोष्ट नाव न घेताही व्यासपीठावरून सांगू नका. मंडळीत प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, अंदाज लगेच बांधले जातात, आणि त्यानंतर त्या घराचं दार उघडलं तरी मन उघडत नाही.

रुग्णालयात दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका. पायथ्याशी उभं राहून बोललं तर आजाऱ्याला मान वर करावी लागते; खुर्ची ओढून त्याच्या नजरेच्या पातळीवर बसा. हात धरण्याआधी विचारा. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे मंडळीतल्या जबाबदार वडीलधाऱ्यांना, बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असं आहे. बोलावणं तिथे आजाऱ्याकडून येतं, हे विसरू नका. औषध सोडायला कधीही सुचवू नका, आणि बरं न होण्याचं खापर त्याच्या विश्वासावर फोडू नका. यामुळे आजार तर राहतोच, वर देवाने टाकल्याची भावना येते. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी नवी वचनं न निवडता लहानपणापासून तोंडी असलेली प्रभूची प्रार्थना, 23 वं स्तोत्र, जुनं गीत घ्या. मुलाचं नाव विसरलेला माणूसही कित्येकदा ते ओळीने म्हणतो.

मृत्यूची बातमी आली की हातातलं काम टाकून निघा. पहिल्या तासात समजावणी नको. "देवाची इच्छा", "तो चांगल्या जागी गेला", "धीर धरा" ही तिन्ही वाक्यं गिळून टाका. जुन्या करारातल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. त्यांचं चुकलं ते तोंड उघडल्यानंतर. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात यापेक्षाही खोल शिकवण आहे. मेलेल्या लाजराच्या बहिणी मार्था आणि मरीया दोघी प्रभू येशूला एकच गोष्ट म्हणतात: आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. मार्थेशी तो पुनरुत्थानाविषयी बोलतो. मरीयेला रडताना पाहून तो स्वतः रडतो. लाजराला आपण उठवणार हे ठाऊक असूनही रडतो. शब्द तेच असले तरी समोरच्या माणसाला काय हवं आहे हे पाहूनच उत्तर द्यायचं असतं, आणि पाळकीय सेवेतला सगळ्यांत कठीण भाग हाच आहे.

अंत्यविधीआधी कुटुंबाबरोबर बसून मृताचं नाव, वय, नाती, मुलाबाळांची नावं लिहून घ्या आणि कोणाला तरी तपासायला द्या. इथे झालेली चूक घरचे वर्षानुवर्षं विसरत नाहीत. मृत व्यक्तीला संत ठरवू नका आणि तिचा न्यायही करू नका. खरी जबाबदारी नंतरची आहे. पहिल्या काही आठवड्यांत माणसांचा राबता असतो, मग घर एकदम रिकामं होतं. म्हणून एक, तीन आणि सहा महिन्यांनी, पहिल्या नाताळाच्या सुमारास आणि वर्ष भरल्यावर जायचं, असं त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. शोकात असलेल्याला 88 वं स्तोत्र दाखवायला कचरू नका. ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. "आता विश्वास उरला नाही" असं कोणी म्हणालं तर वाद घालू नका. कधीपासून असं वाटतं, झोप लागते का, घरी काय चाललं आहे, हे विचारा. येशूचा शिष्य थोमा याने त्याच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवायला नकार दिल्यावर आठ दिवसांनीही तो इतर शिष्यांबरोबरच होता; त्यांनी त्याला बाहेर काढलं नव्हतं. संशय असलेल्या माणसाला मंडळीत बसायची जागा ठेवा, प्रार्थना करायचा आग्रह धरू नका.

"मी कोणालाही सांगणार नाही" असं सरसकट वचन कधीही देऊ नये. जीव धोक्यात असेल, लहान मुलावर अत्याचार होत असेल, घरात मारहाण होत असेल, तर योग्य ठिकाणी सांगावं लागेल, हे बोलणं सुरू होण्याआधीच स्पष्ट करा. आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्याला एकटं सोडू नका. तज्ज्ञ मदत त्याच दिवशी मिळवून द्या, प्रार्थना तिच्या बरोबरीने चालू राहू दे. लहान मुलांशी बंद खोलीत एकट्याने बोलू नका. मत्तयाच्या 18 व्या अध्यायातली पायरी, म्हणजे आधी एकांतात, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे, ही बरोबरीच्या माणसांतल्या तंट्यासाठी वापरा. जिच्यावर अत्याचार झाला तिला अत्याचार करणाऱ्याकडे एकटीने पाठवण्यासाठी हे वचन वापरणं हे घोर पाप आहे. "लोक म्हणतात" अशी तक्रार आली तर कोण म्हणतं ते विचारा. नाव पुढे येत नसेल तर तिच्यावर निर्णय घेऊ नका.

प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, तयारीत दोन गोष्टी सुटतात. द्राक्षारस चालत असलेल्या परंपरेतही दारूच्या व्यसनातून बाहेर पडलेल्यांसाठी न आंबवलेला द्राक्षरस हवा, आणि गव्हाची भाकर सोसत नाही त्यांच्यासाठी वेगळी भाकर वेगळ्या ताटलीत हवी. घरी खिळलेल्यांची यादी वडिलांत वाटून घ्या आणि त्याच आठवड्यात त्यांच्यापर्यंत पोचा. प्रभुभोजनावरून करिंथच्या मंडळीला प्रेषित पौल रागावला त्याचं कारणही आठवा: काही जण खाऊनपिऊन तृप्त, आणि ज्यांच्याकडे काही नाही ते उपाशी.

अर्पण पाळकाने मोजू नये. एका घरातले नसलेल्या दोघांनी उपासना संपताच मोजावं, दोघांनी सही करावी, आणि बँक उघडताच रक्कम भरावी. गरिबांसाठीचा निधी वेगळा ठेवावा. यरुशलेमच्या मदतीची रक्कम नेताना पौलाने सोबत इतर विश्वासू माणसं दिली होती, कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून. कोण किती देतो हे पाळकाला माहीत नसलेलंच बरं. माहीत झालं की नकळत वागणं बदलतं.

इतकं सगळं एकट्याने होत नाही, आणि करूही नये. लोकांचा सगळा न्यायनिवाडा एकटा करणाऱ्या आपल्या जावयाला, मोशेला, इथ्रोने हजार, शंभर, पन्नास आणि दहांवर माणसं नेमायला सांगितलं ते याच कारणाने. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा झाली, तेव्हा सात जण निवडले गेले. सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्यातूनच माणसं नेमून कारभार त्यांच्या हाती दिलेला दिसतो. मंडळीत कुरकुर ऐकू आली तर हा मार्ग आधी आठवा.

आणि पाळकाचा स्वतःचा विश्वास. धोका असा की पवित्र शास्त्र उघडलं की मन लगेच संदेशाचे मुद्दे शोधू लागतं. म्हणून ज्या पुस्तकावर सध्या बोलायचं नाही असं एक पुस्तक फक्त स्वतःसाठी वाचा. अँग्लिकन परंपरेत 150 स्तोत्रं सकाळ-संध्याकाळ वाटून 30 दिवसांत पूर्ण करतात. थकव्याच्या दिवसांत स्वतःचे शब्द सुचत नाहीत तेव्हा ही सवय फार आधार देते. संदेष्टा एलीया मरण मागत झुडपाखाली पडला, तेव्हा दूताने त्याला दोनदा उठवून खायला दिलं आणि मध्ये झोपू दिलं. देवाशी बोलणं नंतर डोंगरावर झालं. आपल्या मंडळीबाहेरचा एखादा अनुभवी पाळक शोधा आणि महिन्यातून एकदा त्याच्याशी मोकळं बोला. रविवार सोडून आठवड्यातला एक दिवस सुट्टीचा ठेवा, तो मंडळीला आधीच सांगा, आणि त्या दिवशी मृत्यू किंवा अपघाताचा फोन कोणत्या वडिलांनी घ्यायचा हे नावासकट ठरवून सूचनाफलकावर लावा.