पूर ओसरल्यावर सरकारी मदत कशी मिळवायची: बडोदेकरांसाठी

विश्वामित्री नदीचं पाणी उतरलं की हात आधी झाडूकडे जातो, पण थांबा, आधी मोबाईल घ्या. भिंतीवर पाणी कुठवर चढलं ती रेघ, भिजलेल्या गाद्या, फ्रिज, धान्याचे डबे, सगळ्याचे फोटो काढा, आणि एक व्हिडिओ असा की घर नंबर किंवा सोसायटीची पाटीपण दिसेल. मग खुशाल साफ करा, नुकसान बघायला येणाऱ्या सरकारी सर्वेवाल्यांची वाट बघत चिखलात बसायचं नाही.

आता खरं काम. एकेकट्याने धावू नका, पूर्ण सोसायटीची किंवा पोळची (जुन्या शहरातल्या गल्लीची) एकच यादी करा: घर नंबर, कोण राहतं, माणसं किती, पाणी किती दिवस होतं, काय गेलं. भाडेकरूंची नावं आठवणीने घाला. लाईट बिल आणि वेराबिल (घरपट्टी) घरमालकाच्या नावावर असतं आणि सामान मात्र बिचाऱ्या भाडेकरूचं वाहून जातं, म्हणून भाडेकराराची कॉपी लावा. मागच्या झोपड्यांतल्या लोकांचीपण नावं लिहा, त्यांच्यासाठी लिहायला दुसरं कोणी येत नाही हो. यादी मामलतदार ऑफिसात द्या आणि आपल्या कॉपीवर तारखेसकट शिक्का घ्याच.

सर्वेची टीम आली की एकाने सोबत फिरायचं. दाराला कुलूप दिसलं की घर राहून जाऊ शकतं आणि पंचनाम्यात नाव नसलं तर पुढे फार जड जातं. सही करायच्या आधी वाचा, फोटो काढून ठेवा.

किती मिळतं? २०२२-२३ ते २०२५-२६ साठी ठरलेल्या आपत्ती निधीच्या दरांप्रमाणे कपड्यांसाठी कुटुंबामागे २,५०० आणि भांडी-सामानासाठी २,५०० रुपये, पक्कं घर थोडं पडलं तर ६,५००, कच्चं असेल तर ४,०००, सपाट भागात पूर्ण पडलं तर १,२०,०००, आणि घरातलं माणूस गेलं तर वारसांना ४ लाख, असे दर होते. ही तातडीची मदत आहे, पूर्ण नुकसानभरपाई नाही, त्यामुळे गाडीचा किंवा दुकानाचा विमा असेल तर तो क्लेम वेगळा आणि लगेच टाका. पाण्यात बुडालेली गाडी स्टार्ट करून बघू नका, इंजिन जातं आणि क्लेमपण अडकतो.

दुकानदारांचं पॅकेज वेगळं जाहीर होतं. ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर गुजरात सरकारने लारीवाल्यांना (हातगाडीवाल्यांना) ५,०००, छोट्या केबिनला (टपरीला) २०,०००, मोठ्या केबिनला ४०,००० आणि महिन्याला ५ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या पक्क्या दुकानाला ८५,००० रुपये ठरवले होते, त्याहून मोठ्यांना कर्जाच्या व्याजात सवलत होती. उलाढाल जीएसटी रिटर्नवरून बघतात, तर कागदं भिजली असतील तरी टेन्शन नको, रिटर्न ऑनलाईन निघतं. अर्जाची शेवटची तारीख मात्र पेपरात रोज बघत जा.

आधार, रेशनकार्ड आणि पासबुक एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, खात्याला आधार जोडलंय का बँकेत विचारून घ्या कारण पैसे सरळ खात्यात येतात. फॉर्मचे पैसे कोणी मागितले तर देऊ नका.

नाव राहिलंच तर शिक्क्याची कॉपी जोडून मामलतदारांना फेरसर्वेचा अर्ज द्या, मग तालुका स्वागतमध्ये (सरकारच्या तक्रार ऐकण्याच्या कार्यक्रमात) तक्रार, आणि तरीही कोणी बोलत नसेल तर माहिती अधिकारात आपल्या पंचनाम्याची नक्कल मागा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.